रक्त काढून डोस कमी होत नाही

बस इथे. मोबाइल उलटा ठेव. काजवे बघायला आलेले पाहुणे अर्ध्या तासात तुझ्यावाचून मरत नाहीत. काल तुझी बायको तुझ्या तपासण्यांची फाइल माझ्या टेबलावर ठेवून गेली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली मी. तू वाचलीस कधी? खरं बोल. की टेस्टोस्टेरॉनचा आकडा तेवढा बघायचा, मनासारखा आला की मिशीला पीळ, नाही आला की तोंड पाडायचं, आणि बाकीचा कागद घडी घालून कपाटात?

टेस्टोस्टेरॉनची सुई सुरू व्हायच्या आधीचा सीबीसी बघ. हिमोग्लोबिन १५.२, पीसीव्ही ४६. उत्तम. तीन महिन्यांनी पीसीव्ही ४९. ठीक. त्यानंतर जवळजवळ वर्षभर एकही कागद नाही. मग ५२. मग पुन्हा शुकशुकाट. आणि आता ५५.८, हिमोग्लोबिन १८.७. लॅबवाल्याने आकडा ठळक छापलाय, शेजारी वर तोंड केलेला बाण काढलाय. तू काय केलंस? फाइल मिटलीस आणि तंबूचे खुंटे ठोकायला गेलास.

तुला कळत नसतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण तुला कळतं. लाल पेशी किती दिवस जगते, हे माझ्याच वर्गात फळ्यावर येऊन तू लिहिलं होतंस: १२० दिवस. पीसीव्ही म्हणजे रक्ताच्या शंभर भागांपैकी लाल पेशींनी किती भाग अडवलाय ते, हेही तुला सांगावं लागत नाही. पुरुषाचा साधारण चाळीस ते पन्नास. तू अर्ध्याच्या पुष्कळ वर गेलायस. रक्त दाट होतं, हृदयाला ते ढकलायला जोर लागतो. आणि तू मला विचारतोस, "सर, एवढं काय त्यात?"

उपचार चुकीचा आहे असं मी म्हणतच नाही. मोठेपणी गालगुंड झाले, अंडकोषांना सूज आली, ते पुढे कामातून गेले. हे काही तुझं पाप नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासलं, बाकीची संप्रेरकं बघितली, मगच टेस्टोस्टेरॉनची सुई लिहून दिली. अडीचशे मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. आणि त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं: सीबीसी तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. वाचता येईल अशा अक्षरात लिहिलंय, डॉक्टर असूनही. त्या चिठ्ठीतली वरची ओळ तू पाळलीस, खालची गिळलीस. अर्धी चिठ्ठी पाळणं याला उपचार म्हणतात?

टेस्टोस्टेरॉन शरीरात गेलं की यकृतातलं हेप्सिडिन कमी होतं. हेप्सिडिन हा लोखंडाच्या कोठाराचा रखवालदार. तो ढिला पडला की लोखंड मोकळं होतं, हाडांतल्या मज्जेला भरपूर मिळतं. वर मूत्रपिंडातून निघणारं एरिथ्रोपोएटिन मज्जेला सांगतं, अजून पेशी बनव. म्हणून पेशी वाढणं हा अपघात नव्हे, औषधाचा हा ठरलेला गुणच आहे. डोस जितका मोठा तितकी वाढ जास्त. वय जितकं पुढे तितकी वाढ जास्त. आणि सुईने जास्त, त्वचेला लावायच्या जेलने कमी. कारण सुई घेतल्यावर दोन-तीन दिवसांत संप्रेरकाची पातळी एकदम शेंड्याला जाते. हे सगळं माहीत असूनच डॉक्टरांनी सीबीसी लिहिला होता. त्यांना प्रॅक्टिस चालत नाही म्हणून नव्हे.

आता तुझी कारणं घेऊ एकेक. सूनबाईंनी ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली. घरात इतक्यांदा ऐकलीत बिचारीने.

म्हणे, "आपण डोंगरातली माणसं, आपलं रक्त जात्याच जास्त." वा! भंडारदरा समुद्रसपाटीपासून किती? साडेसातशे मीटरच्या आसपास. कळसूबाईचं शिखर, जे राज्यात सगळ्यांत उंच, ते १,६४६ मीटर. आणि तू काही कळसूबाईच्या देवळात मुक्कामाला नाहीस. विरळ हवेने रक्त खरंच वाढतं, पण ते लेहसारख्या ठिकाणी, साडेतीन हजार मीटरवर. भंडारदऱ्याच्या शेंडी गावात राहून लेहचं रक्त कसं येईल? आणि डोंगराचीच करामत असती तर सुईच्या आधी पीसीव्ही ४६ कसा होता? दीड-दोन वर्षांत भंडारदरा वर सरकला का?

म्हणे, "त्या दिवशी पाणी कमी प्यायलो होतो." असेल. रतनगड उतरून घामाने निथळत तू रक्त द्यायला गेलास तर आकडा थोडा चढा येतो, मान्य. मग दुसऱ्या दिवशी पोटभर पाणी पिऊन पुन्हा का नाही दिलंस? तपासणीचे दोन-तीनशे रुपये जड झाले? तंबूच्या एका रात्रीचं भाडं किती घेतोस रे? तुला पुन्हा तपासायचंच नव्हतं. पाण्याचं कारण तुला हवं होतं, उत्तर नको होतं.

म्हणे, "डोकं दुखतं ते पित्ताने." आपल्याकडे पित्त हे एक बरं आहे, काहीही त्याच्या खात्यावर टाकता येतं. चेहरा लालबुंद दिसतो, ते उन्हाने. डोळ्यांपुढे कधी धूसर येतं, ते जागरणाने. कानात गुणगुण होते, ते जनरेटरच्या आवाजाने. प्रत्येक दुखण्याला वेगळा धनी शोधलास. सगळ्यांच्या मागे एकच आकडा उभा असेल, ही शंका एकदाही मनाला शिवली नाही? की शिवली आणि तू हाकलून लावलीस?

इथवर मी ऐकून घेतलं असतं. माणूस आळशी असतो, टाळाटाळ करतो. पण फाइलमध्ये पुढे जे सापडलं त्याने माझं डोकं फिरलं.

गेल्या वर्षी टेस्टोस्टेरॉन तपासलंस. कधी? सुई घ्यायच्या आदल्या दिवशी. म्हणजे पातळी तळाला गेलेली असते नेमकी तेव्हा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन सुयांच्या बरोबर मध्ये तपास, तेव्हा खरा अंदाज येतो. तू तळ मोजलास, आकडा कमी दिसला, आणि कुणाला न विचारता तीन आठवड्यांची सुई दोन आठवड्यांवर आणलीस. गणित येतं ना तुला? तीन आठवड्यांना अडीचशे म्हणजे आठवड्याला त्र्याऐंशीच्या आसपास. दोन आठवड्यांना अडीचशे म्हणजे सव्वाशे. एका फटक्यात डोस दीडपट! चिठ्ठीवर तीन आठवडे लिहिलेत आणि मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून तो काउंटरखालून काढून देतो. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध, हे त्याला माहीत नाही, असं तो भासवतो. तुला माहीत नाही, असं तू भासवतोस. दोघे मिळून एकमेकांना डॉक्टर करून टाकलंत. आणि सुई टोचणारा कंपाउंडर तिसरा. तुम्हा तिघांत मिळून एकाने तरी पीसीव्ही हा शब्द उच्चारला?

आता रक्तदान. यावर मला जरा निवांत बोलायचंय, कारण तू हे मोठ्या अभिमानाने गावभर सांगत फिरतोस. "सर, माझं रक्त वाढतं, मी दान करतो, दोन्ही कामं होतात." टाळ्या वाजवू?

एक पिशवी रक्त काढलं की पीसीव्ही साधारण तीन टक्क्यांनी खाली येतो. येतोच, खोटं नाही. पण मज्जेला तुझी सुई ढोसतच आहे. काही आठवड्यांत पेशी पुन्हा तयार. मग पुन्हा पिशवी. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय? वाढ होते औषधाने, आणि तू औषध सोडून रक्ताला हात घालतोस. तुझी शिबिरंही मी मोजली. गणपतीत अकोल्याला, दिवाळीच्या तोंडावर संगमनेरला. मध्ये पुरते दोन महिनेही नाहीत. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, हे शिबिराच्या फॉर्मवर छापलेलं असतं. याआधी कधी दिलं, या रकान्यात काय लिहिलंस? आणि कोणतं औषध चालू आहे, या रकान्यात? काहीच नाही, असंच ना? खोटं लिहून केलेल्याला दान म्हणत नाहीत. पलीकडे ते रक्त कुणाला चढणार आहे, त्या डॉक्टरला काय माहिती द्यायची हे ठरवण्याचा हक्क तुला कुणी दिला? कधी आकडा फारच वर गेला आणि डॉक्टरांनीच रक्त काढायचं ठरवलं, तर ते दवाखान्यात निघेल, त्यांच्या नजरेखाली, कागदावर नोंद होऊन. मंडपात केळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन नव्हे.

बरं, त्या पिशव्यांनी आणखी काय नेलं? प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोखंड जातं. साठा आटला. फेरिटिन तपासलंस? नाही. मग थकवा आला. जिना चढताना दम लागायला लागला, केस गळायला लागले. आणि या थकव्याचा अर्थ तू काय लावलास? टेस्टोस्टेरॉन कमी पडतंय! म्हणूनच तर तू सुई जवळ आणलीस. वर थकव्यावर उपाय म्हणून सूनबाईंच्या डब्यातल्या लोहाच्या गोळ्या खायला लागलास. म्हणजे एका हाताने लोखंड उपसायचं, दुसऱ्या हाताने भरायचं, आणि तिसरीकडून सुई मारून मज्जेला हाणायचं. सांग मला, तुझ्या शत्रूने तुझं रक्त बिघडवायचं ठरवलं असतं तर त्याने वेगळं काय केलं असतं?

त्या गोळ्या कुणासाठी आहेत माहीत आहे का? राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या वाड्यांवर आशाताई पावसात छत्री उलटी होईपर्यंत चालत जाऊन त्या गोळ्या पोचवतात. आणि तू, ज्याचं हिमोग्लोबिन १८.७, बायकोच्या वाट्याच्या गोळ्या फस्त करतोस. लाज वाटत नाही का रे?

लसणाच्या पाकळ्या आणि आवळ्याचा रस याबद्दल मी काही बोलत नाही. खा, पी, चवीला चांगलं. रोजची ॲस्पिरिन मात्र कुणाला विचारून सुरू केलीस? तिने रक्त गोठायला वेळ लागतो, एवढंच. लाल पेशी तिने एकही कमी होत नाही. पोटात रक्तस्राव झाला तर ते आणखी एक फुकटचं दुखणं. बंद करायची की नाही हेही डॉक्टरांनाच विचार, स्वतःच्या मनाने नको. तुझ्या मनाने आजवर काय दिवे लावले ते पाहिलंय मी.

आता तुझं सगळ्यांत हुशार कारण. "सर, टेस्टोस्टेरॉनमुळे वाढलेल्या रक्ताने गुठळी होते असं पक्कं सिद्ध झालेलं नाही." हे तू कुठेतरी वाचलंस. शाबास, वाचतोस तरी. आणि अर्धं बरोबर आहे. पॉलिसायथेमिया व्हेरा नावाच्या मज्जेच्या दुखण्यात पक्कं सिद्ध झालंय. २०१३ साली इटलीतल्या एका चाचणीत ३६५ रुग्णांपैकी ज्यांचा पीसीव्ही ४५ च्या खाली ठेवला त्यांच्यात हृदयाने किंवा गुठळ्यांनी घात होण्याचं प्रमाण २.७ टक्के होतं, आणि ज्यांचा ४५ ते ५० च्या मध्ये राहिला त्यांच्यात ९.८. पण ते दुखणं वेगळं, तुझं वेगळं, तिथला आकडा तसाच्या तसा इथे चिकटवता येत नाही. हे मीच तुला सांगतो, म्हणजे तुझी पळवाट मी मान्य केली असं वाटेल. थांब. २०२३ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, पाच हजारांवर पुरुषांची. सगळे हृदयविकाराचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे. टेस्टोस्टेरॉनच्या जेलने हार्ट ॲटॅक, लकवा वाढला का? नाही. ७ टक्के विरुद्ध ७.३. तू इथपर्यंत वाचलंस आणि पान मिटलंस. पुढची ओळ वाच ना! फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण औषधवाल्यांत ०.९ टक्के, बिनऔषधवाल्यांत ०.५. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या चाचणीत प्रत्येकाचं रक्त वेळच्या वेळी तपासत होते, आणि पीसीव्ही ५४ च्या वर गेला की डोस कमी करत होते, नाहीतर औषध थांबवत होते. म्हणजे जे निर्धोक ठरलं ते तपासत, आवरत घेतलेलं औषध. तू घेतोस ते नव्हे. त्यांचा दाखला देऊन तू स्वतःचं समर्थन करतोस, म्हणजे हेल्मेट घालणाऱ्याचा दाखला देऊन उघड्या डोक्याने घाट उतरतोस.

५४ ची रेषा जगभरातल्या संप्रेरकतज्ज्ञांनी आखलीय. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय: ५४ च्या वर गेला की औषध थांबवा, आकडा सुरक्षित खाली येईपर्यंत, मग कमी डोसने पुन्हा सुरू करा. मूळ आकडाच ४८ च्या वर असेल तर सुरूच करू नका. आणि थांबवल्यावर दोन गोष्टी शोधा: शरीराला प्राणवायू कुठे कमी पडतोय का, आणि झोपेत श्वास अडतोय का.

आता झोपेबद्दल. तू घोरतोस. घोरण्याचं काही नाही, अर्धं गाव घोरतं. पण सूनबाई म्हणाली, घोरता घोरता तू मध्येच गप्प होतोस, काही क्षण श्वास नाही, मग दचकून हिसका देऊन पुन्हा सुरू. ती बिचारी अंधारात डोळे उघडे ठेवून तुझा पुढचा श्वास मोजत पडलेली असते. तुला तिने सांगितलं तेव्हा तू हसलास. रात्रभर प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं पुन्हा तोच निरोप पाठवतात, अजून पेशी बनव. वर टेस्टोस्टेरॉनने हा त्रास वाढूही शकतो. झोपेची तपासणी नाशिकला होते. कितीदा सांगितलं डॉक्टरांनी? चिठ्ठीवर दोनदा आहे.

आणि सिगारेट. पाहुण्यांबरोबर शेकोटीला बसल्यावर "एखादी". किती "एखादी" होतात रे रात्रभरात? धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर ठाण मांडून बसतो, प्राणवायूला जागा देत नाही. शरीराला वाटतं रक्त कमी पडलं. मग काय होतं, ते तूच सांग. पहिल्या बाकावर बसायचास ना?

राग मला कशाचा येतो, सांगू? आकडे बघायची तुला सवय नाही असं नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर तू काय बघतोस पहिलं? घाटघरला किती पडला, रतनवाडीला किती, पांजऱ्याला किती, धरणात किती दलघफू आलं. ११,०३९ चं धरण, १९२६ साली बांधून झालेलं, आणि त्याचा रोजचा साठा तुला शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ. सांडव्यातून किती क्युसेक सोडलं की रंधा धबधबा कसा दिसेल आणि पाहुण्यांना कुठे उभं करायचं, हे तू इंजिनिअरच्या आधी सांगतोस. शंभर वर्षांचं धरण रोज मोजलं जातं म्हणून खाली प्रवराकाठची गावं निवांत झोपतात. स्वतःच्या अंगातला साठा मात्र वर्षात एकदाही मोजायचा नाही. आणि तिथे वरचा पाऊस कुणाच्या हातात नसतो, दरवाजे उघडून पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. इथे पाऊस तुझ्या हातात आहे! सुई तू मारतोस! आवक चालू ठेवून नुसते दरवाजे उघडत बसायची तुला कुणी सक्ती केलीय?

अजून एक. याबद्दल गप्प बसणार होतो, पण नाही बसत. परवा तुझ्या तंबूंवर काम करणारी दोन पोरं मला भेटली. विशी-बाविशीची. म्हणाली, दादांनी सांगितलंय, जिममध्ये छाती भरायला ही सुई भारी. तू सांगितलंस? त्या पोरांच्या अंगात स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तुडुंब आहे. बाहेरून घातलं की मेंदू खालचा कारखाना बंद करतो, वीर्यातले शुक्राणू संपतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हीच सुई पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून वापरली होती, आठवड्याला दोनशे मिलिग्रॅम. आणि तिने काम केलं! उद्या त्या पोरांची लग्नं होतील, पाळणा हलणार नाही, आणि सगळा गाव त्यांच्या बायकांकडे बोट दाखवेल. तेव्हा तू पुढे येऊन सांगशील की हे माझ्यामुळे झालं? स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं. तुला औषध लागतं कारण तुझी ग्रंथी गेली. त्यांना काय गेलंय? त्यांच्याशी आजच बोल. तुला जमत नसेल तर मी बोलतो, आणि मी बोलेन तेव्हा तुझी फाइल हातात धरून बोलेन.

खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ. भंडारदऱ्याहून नाशिक सत्तरेक किलोमीटर. जुलैच्या रात्री, धुकं, पाऊस, रस्त्यावर आलेला दगड, १०८ ला फोन लागला तरी गाडी यायला वेळ. लकव्यात गुठळी विरघळवायची सुई साडेचार तासांच्या आत द्यावी लागते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन. तू किती वाजता जागा होशील, कोण तुला उचलेल, गाडी कोण चालवेल, याचा हिशेब केलास? सूनबाईला चारचाकी येत नाही. थोरली दहावीला आहे. पाय एकाच बाजूने सुजला, पोटरी दुखली, छातीत कळ आली, एकाएकी दम लागला, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, यातलं काहीही झालं तर पित्त म्हणून आल्याचा रस पीत बसू नकोस. त्या क्षणी गाडी काढायची. हे सूनबाईला मी कागदावर लिहून दिलंय, फ्रिजवर लावायला. तुझ्यावर विश्वास नाही म्हणूनच.

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. शुक्रवारी तुझी पुढची सुई आहे. ती घ्यायची नाही. उद्या सकाळी नाशिकला फोन करायचा, खरा आकडा सांगायचा, ५५.८, आणि हेही सांगायचं की सुई मी स्वतःच दोन आठवड्यांवर आणली होती. हे सांगताना जीभ अडखळेल. अडखळू दे. डॉक्टर रागावतील. रागावू देत, त्यांचा हक्कच आहे. सुई लांबवायची की लहान डोस जास्त वेळा घ्यायचा की जेलवर जायचं, हे ते ठरवतील. तू ठरवायचं नाही, मेडिकलवाल्याने ठरवायचं नाही, आणि मीही नाही. फॉर्मवर जिथे जिथे खोटं लिहिलंस त्या दोन्ही रक्तपेढ्यांना फोन करून खरं सांगायचं. लोहाच्या गोळ्या सूनबाईच्या डब्यात परत.

आणि डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत "सर, काहीच उतरलं नाही" म्हणत माझ्या दारात यायचं नाही. पेशी १२० दिवस जगते. आधी बनलेल्या पेशी आपलं आयुष्य पुरं करूनच जातील. उतरायला तीनेक महिने लागतात. तेवढा दम धर. सुई घ्यायला बरी घाई होती तुला.

परवा सकाळी राजूरला जा. आदल्या दिवशी पाणी भरपूर पी, डोंगर चढून जाऊ नकोस, सिगारेट नको. सीबीसी दे, फेरिटिन दे, लॅबवाल्याला सांग की दोन्ही आजच हवेत. संध्याकाळी रिपोर्ट मला पाठव. आणि या वेळी अख्ख्या कागदाचा फोटो काढ. मागच्या महिन्यात मला पाठवला होतास त्यात वरचं हिमोग्लोबिन होतं, खालचे प्लेटलेट्स होते, आणि मधली पीसीव्हीची ओळ कापलेली होती. मला वाटलं फोटो हलला असेल.